अठरा अंशांचा फरक

कॉलेजातून आल्यावर चपला काढायच्या आधीच संयोगितानं कान दिला. पुढच्या खोलीतून संगणकाच्या पंख्याचा घों घों आवाज यायला हवा होता. तो आला नाही. म्हणजे सकाळी नऊला लावून ठेवलेला हिशेब मधेच मेला होता. तो किती वाजता मेला, एवढंच आता विचारायचं राहिलं होतं.

तेही विचारावं लागलं नाही. टेबलावर लाल पुठ्ठ्याची लांबट वही उघडी होती आणि तिच्यात सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात शेवटची ओळ होती : 'दि. २३ एप्रिल १९९९. दुपारी २ वाजून १० मि. टेम्परेचर ५७. बंद केला. विश्रांती दिली.' खाली सही.

"आबा," ती म्हणाली, "पाच तास झाले होते."

"व्हय. म्हनूनच की." हंबीरराव खुर्चीतून उठले नाहीत. "पाच तास एकसारका पळतोय. बैल असता तर तोंडाला फेस आला असता."

"एकच तास राहिला होता."

"मग काय झालं? उद्या पळंल."

वीज गेली असती तर एक वेळ समजलं असतं. विजेवर रागावता येत नाही. संयोगिता आत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि मोरीच्या कठड्याला हात टेकून जराशी उभी राहिली. हा तिसरा हिशेब होता. पहिला साडेतीन तासांवर गेला, दुसरा चारवर. हंबीरराव रोज थोडा थोडा दम धरत होते, हे खरं. पण हिशेबाला सहा तास लागत आणि सहा तास म्हणजे सहाच तास.

संयोगिता ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. नोकरी सांभाळून ती एम.फिल. करत होती. माण तालुक्यातल्या कोरडवाहू जमिनीत ऊन किती खोल उतरतं आणि किती वेळानं उतरतं, हा तिचा विषय. दहिवडीजवळच्या एका रानात तिनं वर्षभर थर्मामीटर पुरले होते. प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली होती आणि पाचव्यासाठी एक तक्ता हवा होता. तो तक्ता काढणारा प्रोग्राम तिच्या सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलेला होता. सगळा हिशेब संपल्यावरच तो तक्ता लिहीत असे, मधे काहीही साठवत नसे आणि त्यात हात घालायला सरांची सक्त मनाई होती. कॉलेजातले दोन संगणक एप्रिलभर निकालाच्या कामाला जुंपलेले. घरी रात्री लावून ठेवावा म्हटलं, तर दहा वाजले की हंबीरराव टीव्हीपासून मिक्सरपर्यंत घरातली एकूण एक पिन उपसून ठेवत. आणि प्रबंध द्यायची शेवटची तारीख होती तीस एप्रिल. ती चुकली की तीन वर्षांची नोंदणी रद्द.

एवढं सगळं हंबीररावांना माहीत होतं. सुनेनं शिकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिच्या एम.फिल.ची बातमी त्यांनीच गल्लीत सगळ्यांना सांगितली होती. अडचण एवढीच होती की ते फौजेत बावीस वर्षं मोटार ट्रान्सपोर्टला होते आणि कुठलंही मशीन गरम होऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

या दुखण्याची सुरुवात साताऱ्यात झाली. संगणक जुळवला तो सुमंतनं. सुमंत हा संयोगिताचा बी.एस्सी.चा वर्गमित्र. पोवई नाक्यापाशी एका दगडी माडीवर सुटे भाग आणून तो संगणक जुळवून देत असे. पाडव्याच्या मुहूर्तावर हा जुळवला तेव्हा हंबीररावांना सोबत घेऊन ती तो आणायला गेली होती. सुमंतनं उत्साहानं त्यांना एक गंमत दाखवली. मशीन सुरू होता होता डिलीटची कळ दाबून धरली की निळा पडदा येतो, त्यात एका पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं.

"बघा काका. बेचाळीस. एकदम नॉर्मल."

हंबीररावांनी खिशातली डायरी काढून 'नॉर्मल ४२' असं लिहून घेतलं. त्या क्षणी सुमंतच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता, असं संयोगिताला पुढं महिनाभर रोज वाटत राहिलं.

मशीन सांगलीला आलं. मार्च संपला, ऊन तापलं, आणि आकडा चढू लागला. शेहेचाळीस. पन्नास. चौपन्न. निळा पडदा बघायचा तर चालू काम मोडून मशीन नव्यानं सुरू करावं लागे, त्याचं हंबीररावांना काही वाटत नसे. गाडीतलं तेल बघायलाही गाडी थांबवावीच लागते.

"सुमंतनं काय सांगितलं होतं? बेचाळीस नॉर्मल. आता सत्तावन्न. पंधरानं चढलंय. मानसाला पंधरा डिग्री ताप चढला तर काय व्हतं, तूच सांग."

"आबा, हा माणूस नाही. कंपनीच्या कागदावर सत्तरपर्यंत चालतं असं छापलंय."

"सत्तर ही मरायची लाईन. मरायच्या लाईनीला चिकटूस्तवर पळवायचं व्हय?"

सासूबाई, बनुबाई, स्वैपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्यांनी संगणकाच्या डब्याच्या मागच्या जाळीला तळवा लावला. घरात येणारा जाणारा प्रत्येक जण हल्ली तिथं हात लावून बघत असे.

"खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यावानी लागतंय," त्या म्हणाल्या. "पर लय न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कोंबडीचं कळतंय की."

कुपवाडला बॉयलरवर आयुष्य काढलेले शेजारचे नानासो संध्याकाळी पेपर वाचायला आले, त्यांनीही हात लावला. "ह्यॅ! आमच्या बॉयलरफुडं हे म्हंजे माठातलं पानी!" असं म्हणून ते हसले. त्या हसण्यानं हंबीरराव आणखीच चिडले. नानासोचा बॉयलर एकदा बिघडून आठ दिवस बंद होता, ही गोष्ट त्यांनी वहीकडे बघत बघत दोनदा सांगितली.

शेवटी संयोगितानं ठरवलं की रागावून उपयोग नाही, समजावून सांगायचं. आजवर तिनं वर्गातल्या साठ साठ पोरांना उष्णतेचं प्रकरण शिकवलं होतं. एका सासऱ्याला शिकवायला काय हरकत आहे?

"आबा, साताऱ्यात सुमंतच्या माडीवर पाडव्याला सकाळी किती गार होतं, आठवतंय? आणि इथं दुपारी किती असतं? प्रोसेसर खोलीच्या वर चढतो. खोलीच तापली तर तो आणखी वरच जाणार. नुसता आतला आकडा बघून काही कळत नाही. त्यातून खोली वजा करायची. जो फरक उरतो, तो खरा."

हंबीररावांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग ते म्हणाले, "दाखव."

शनिवार-रविवार दोन्ही दिवस तिनं हिशेब बाजूला ठेवला. नाइलाजच होता. आधी सासरे, मग माणची जमीन. आपला चांगला थर्मामीटर तिनं खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगला आणि वहीत रेघा मारून तीन रकाने पाडले : खोली, आत, फरक. दर वेळी मशीनला तासभर कामाला लावायचं, मग निळा पडदा बघायचा. सकाळी सहाला खोली पंचवीस, आत त्रेचाळीस. नऊला एकतीस आणि एकोणपन्नास. दुपारी दोनला एकोणचाळीस आणि सत्तावन्न. संध्याकाळी सातला चौतीस आणि बावन्न. सगळ्या ओळींत फरक अठरा.

हंबीररावांनी चष्मा लावून चारही वजाबाक्या स्वतः पेन्सिलीनं करून पाहिल्या. मग पाठीमागं रेलून म्हणाले, "अठरा!"

"अठरा," ती म्हणाली.

"म्हंजे पाडव्याला बेचाळीस होतं, तवा सुमंतची खोली चोवीस."

"असणार."

"वा गं पोरी!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे त्या सुमंतला न्हाई सांगता आलं. बेचाळीस नॉर्मल न्हाईच. अठरा नॉर्मल!"

इतकं गोड यश वर्गातही क्वचित मिळतं. रविवारी संध्याकाळी पठाणकोटहून उदयसिंहचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा हंबीररावांनी मुलाला तब्येत विचारायच्या आधी अठराचा नियम समजावून सांगितला. आणि सोमवारी सकाळी नऊला तिनं चौथ्यांदा हिशेब लावला तेव्हा त्यांनी स्वतःहून शब्द दिला, "हात लावणार न्हाई. तू जा बिनघोर."

ती बिनघोर गेली. हीच तिची चूक.

अकराच्या सुमाराला गावाकडच्या टेम्पोतून कूलर आला. मशीनच्या तापापायी घरात चाललेली रोजची कटकट बनुबाईंना असह्य झाली होती. थोरल्या मुलाकडं गावी पडून असलेला कूलर त्यांनी निरोप धाडून मागवला होता. तो खिडकीत बसवला, पाणी भरलं, आणि वाळ्याच्या जाळ्यांतून भपकन गार वारा आला. हंबीररावांनी तासाभरानं सहज थर्मामीटर पाहिला. अठ्ठावीस!

आता शब्द दिलेला माणूस शब्द मोडतो तो काळजीनं मोडतो, रागानं मोडतो. हंबीररावांनी तो आनंदानं मोडला. खोली अठ्ठावीस, म्हणजे आत शेहेचाळीस झालं असणार. सत्तावन्नचं शेहेचाळीस! एवढी चांगली बातमी डोळ्यांनी बघावी असं त्यांना वाटलं. दुपारी दोन वाजता, म्हणजे हिशेबाला पुन्हा पाच तास झाले असताना, त्यांनी बटण दाबलं.

संयोगिता घरी आली तेव्हा ते दारातच उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"सुनबाई, काय तरी इपरीत झालंय."

"आबा, तुम्ही बंद केला?"

"ते असू दे. आधी ही वही बघ."

वहीत लिहिलं होतं : खोली २८. आत ५५. फरक २७. सत्तावीसखाली दोन रेघा.

भांडायला उघडलेलं तिचं तोंड उघडंच राहिलं. सत्तावीस? चूक झाली असेल म्हणून तिनं मशीन पुन्हा लावलं, तासभर कामाला जुंपलं, थर्मामीटर स्वतः वाचला, निळा पडदा स्वतः पाहिला. अठ्ठावीस आणि पंचावन्न. काल अठरा होता तो फरक आज सत्तावीस. नियम तिनंच घातला होता. त्या नियमानं मशीन आजारी होतं आणि हंबीररावांनी ते बंद केलं हे बरोबरच होतं. आपलाच कायदा आपल्यावर उलटावा यासारखं वैतागाचं दुसरं काही नसतं, कारण ओरडायला समोर कुणी नसतं.

तिनं सुमंतला फोन लावला.

"नऊ अंशांनी वाढला म्हणजे पंखा मंद झाला असेल, नाहीतर प्रोसेसरवरची पट्टी सुटून त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा सैल झाला असेल," सुमंत म्हणाला. "असा चालवू नकोस. मशीन घेऊन ये."

"सुमंत, शुक्रवारी तीस तारीख आहे."

"मग उद्याच ये."

मंगळवारी सकाळी सातच्या एस.टी.नं दोघं निघाली. डबा गोधडीत गुंडाळून हंबीररावांनी मांडीवर घेतला आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी वर उचलून धरला. शेजारच्या बाईनं लेकरू आजारी आहे का म्हणून चौकशी केली. "व्हय, ताप हाय," हंबीरराव गंभीरपणे म्हणाले. संयोगितानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

सुमंतनं डबा उघडला. पंखा बोटानं फिरवून पाहिला, ठोकळा हलवून पाहिला, तो तसूभर हलला नाही. मग हिशेब लावून मशीन तासभर चालवलं. पुरे सहा तास तिथंच लावावा म्हटलं, तर दुपारी त्या भागातली वीज दुरुस्तीसाठी जायची होती. त्याच्याकडंही एव्हाना थर्मामीटर होता, टेबलावरच पडलेला. माडी पस्तीस. आत त्रेपन्न.

"अठरा," सुमंत म्हणाला.

"अठरा!" हंबीरराव खुर्चीवरून उठलेच. "बघ. डाक्टरच्या दारात आला आनि ताप उतरला. आमच्या गाडीचंबी असंच व्हायचं. वर्कशॉपला नेली की सुतासारखी सरळ."

"काका, मशीनला काहीच झालेलं नाही."

"मग काल काय झालं व्हतं?"

सुमंतनं डोकं खाजवलं. मग त्यानं संयोगिताला अगदी साधा प्रश्न विचारला. "थर्मामीटर कुठं टांगला होतास गं?"

"खिडकीशेजारी," ती म्हणाली.

खिडकीत कूलर. खिडकीशेजारी थर्मामीटर. कूलरचा ओला झोत थेट त्याच्या पाऱ्यावर. बारीक तुषारसुद्धा उडत असणार. संगणक समोरच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, जिथं तो झोत पोचतही नव्हता. थर्मामीटरनं प्रामाणिकपणे झोताचं तापमान सांगितलं होतं आणि ती त्याला खोली समजली होती. मशीनभोवतीची हवा तेव्हाही सदतीसच होती. सदतीस आणि अठरा, पंचावन्न.

तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात थर्मामीटर कुठं टांगू नये यावर दोन पानं होती. वारा, ओल, उन्हाची तिरीप, भिंतीची धग, सगळं क्रमानं लिहिलेलं. सरांनी त्या पानांवर 'उत्तम' असा शेरा दिला होता.

परतीच्या गाडीत ती उंब्रजपर्यंत दिवस मोजत राहिली. सांगावं की न सांगावं, हेच मनात चाललं होतं. शुक्रवारी प्रबंध द्यायचा तर गुरुवारी सकाळी शेवटचं प्रकरण टायपिंगला आणि बांधणीला जायला हवं. म्हणजे उद्याचा बुधवार हा एकच दिवस हातात होता. नियमातच गोम आहे असं हंबीररावांना वाटलं, तर ते पुन्हा दर अर्ध्या तासाला निळा पडदा बघतील. न सांगितलं, तर उद्या कूलर लावून परत सत्तावीस बघतील. इकडं आड, तिकडं विहीर. पण चुकीची नोंद वहीत तशीच राहू देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. कऱ्हाड यायच्या आत तिनं सांगून टाकलं.

हंबीररावांनी नीट ऐकलं. "म्हंजे वही खोटी?"

"वहीतली तुमची नोंद खरी. मी मात्र थर्मामीटर चुकीच्या जागी ठेवला. कूलर आल्यावर तो हलवायला हवा होता. सोमवारी मी स्वतः वाचला, तेव्हाही मला दिसलं नाही."

"तुझ्या पुस्तकात लिवलंय न्हवं हे?"

"दोन पानं."

हंबीरराव हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग इतकं की मांडीवरचा डबा हलायला लागला आणि कंडक्टरनं वळून पाहिलं. संयोगिताला हसू आलं नाही. दोन दिवस आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपास एस.टी.चा प्रवास, एका खिळ्यापायी! आणि तो खिळा तिनं स्वतःच निवडलेला.

बुधवारी सकाळी तिनं थर्मामीटर संगणकाच्या कोपऱ्यात, डब्यापासून हातभर लांब टांगला. कूलर बंद ठेवायला सांगितला.

"आता गं बया!" बनुबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "मशीनला बरं नव्हतं तवा कूलर. मशीन बरं झालं, कूलर बंद. मानसांनी काय करायचं?"

"आत्या, फक्त आजचा दिवस. संध्याकाळी तुमच्या डोक्याशी लावून देते."

कॉलेजात तिनं रजा कळवली होती. सव्वानऊला हिशेब लावला आणि हंबीररावांच्या समोर वही ठेवली.

"आबा, आज आत बघायचंच नाही. नियम आहे ना आपल्याकडं? दर अर्ध्या तासानं खोली बघा, त्यात अठरा मिळवा. आतलं तापमान कळलं. बटण दाबायलाच नको."

त्यांचा चेहरा खुलला. "न थांबता टेम्परेचर! हे आधी का न्हाई सुचलं तुला?"

तिनं पेन त्यांच्या हातात दिलं.

साडेनऊ : खोली एकतीस, आत एकोणपन्नास. दहा : बत्तीस आणि पन्नास. हंबीरराव घड्याळ लावल्यासारखे उठत, चष्मा लावून पारा बघत, बेरीज करत, लिहीत. ती पाचव्या प्रकरणाची मोकळी पानं पुढ्यात घेऊन बसली होती, पण अक्षर उमटत नव्हतं. अकरा. साडेअकरा. बारा. पडद्यावर प्रोग्राम चालू असल्याचा एकुलता ठिपका लुकलुकत होता. साडेबाराला खोली सदतीस झाली. हंबीररावांनी पंचावन्न लिहिलं, आणि पेन वहीवरच टेकवून ठेवलं.

"सुनबाई."

"काय आबा?"

"समज, आता ह्या घडीला पंखा बंद पडला. आत ऐंशी झालं. मी काय लिवणार?"

तिनं पुढ्यातली मोकळी पानं बाजूला सरकवली.

"मी पंचावन्नच लिवणार. व्हय का न्हाई?"

बावीस वर्षं गाड्या सांभाळलेला माणूस होता तो. हा प्रश्न त्याला पडणारच होता, फक्त तीनेक तास उशिरा पडला असता तर बरं झालं असतं. तिनं पडद्याकडं पाहिलं. सव्वातीन तास झाले होते, पावणेतीन राहिले होते. 'तसं होत नाही आबा' एवढं म्हटलं की निभावलं असतं.

"हो," ती म्हणाली. "ही वही नुसती बेरीज आहे. खरंच बिघडलं तर ती सांगणार नाही."

"मग हे लिवायचं कशाला?"

"तुम्ही बटण दाबू नये म्हणून."

बनुबाई दाराशी पोह्याचे पापड घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. हंबीरराव उठले. डब्याजवळ गेले. त्यांचं बोट बटणापासून वीतभर अंतरावर होतं. संयोगिता खुर्चीतून उठली नाही. उठून काय करणार? सासऱ्याचा हात धरणार? सगळं सांगून झालं होतं, समजावून झालं होतं, कबूलही करून झालं होतं. यापुढं तिच्याकडं काही शिल्लक नव्हतं.

"हिशेब मोडला तर?" त्यांनी तिकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"तर उद्या वेळ नाही. तीन वर्षं गेली."

"आनि न बघता पळवला आनि जळला तर?"

"तर मशीन गेलं, आणि तीन वर्षंही गेली. पण तो जळणार नाही असं मला वाटतं. खात्री देत नाही."

हंबीरराव खाली बसले. खुर्चीवर न बसता त्यांनी डब्याशेजारी जमिनीवरच मांडी घातली आणि मागच्या जाळीला कान लावला.

"सिक्कीमला घाटात कानवाय चढत असायचा," ते म्हणाले. "फुडं पंचवीस गाड्या, मागं पंचवीस. मधल्यानं गाडी थांबवायची न्हाई, बॉनेट उघडायचं न्हाई. काटा बिघडलेला असायचा निम्म्या गाड्यांचा. तवा काय करायचं? कान द्यायचा. पंखा फिरतोय तवर गाडी जित्ती." त्यांनी हात हलवला. "हा फिरतोय. एकसारका फिरतोय. आवाज बदलला की मी बंद करीन. तुला इचारणार न्हाई."

"आवाज बदलला तर जरूर बंद करा," ती म्हणाली. आणि हे तिनं मनापासून म्हटलं, कारण दोन आठवड्यांत मशीनबद्दल या घरात कुणी बोललेलं पहिलं बरोबर वाक्य तेच होतं. ते तिचं नव्हतं, ही बोच मात्र राहिली.

"एऽ, पापड वाजवू नगंस," हंबीरराव बनुबाईंवर खेकसले. "ऐकू येत न्हाई."

"घ्या! आता पापडबी गार खायचे व्हय," बनुबाई पुटपुटल्या आणि ताटली घेऊन परत गेल्या.

पुढचे पावणेतीन तास त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रेडिओ लागला नाही. नानासो डोकावले, त्यांना हंबीररावांनी बोटानंच हाकललं. एकदा बाहेर भोंगा वाजवत ट्रक गेला तेव्हा हंबीररावांनी डोळे मिटून कानावर हात धरला, ट्रक लांब गेल्यावर पुन्हा ऐकलं, मान डोलावली. संयोगितानं तीन पानं लिहिली आणि तिन्ही खोडली. घामानं तिच्या मनगटाखालचा कागद ओला झाला होता. दोनदा तिनं थर्मामीटर पाहिला. वहीत मात्र कुणी काही लिहिलं नाही.

तीन वाजून सतरा मिनिटांनी ठिपका थांबला आणि पडद्यावर आकडे उतरू लागले. पाच सेंटिमीटर, दहा, वीस, चाळीस, एक मीटर. माणच्या मातीत जानेवारी ते डिसेंबर. तिनं पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, मग मधली. दहिवडीच्या रानात हातानं घेतलेल्या आकड्यांना ते जुळत होते. तिनं फ्लॉपी घातली, तक्ता उतरवून घेतला, काढली, दुसरी घातली, पुन्हा उतरवून घेतला.

"झालं?" हंबीररावांनी विचारलं. एका जागी बसून त्यांचा गुडघा धरला होता, तो ते चोळत होते.

"झालं आबा."

"समदं?"

"समदं."

ते कपाटाला धरून उठले. एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. पोरानं खाऊच्या डब्याकडं बघावं तसं.

"मग आता बंद करून बघू? आत किती झालंय ते?"

संयोगितानं दोन्ही फ्लॉप्या पर्समध्ये टाकल्या, पर्सची चेन ओढली, आणि पर्स हातातच ठेवून म्हणाली, "बघा."

ती स्वैपाकघरात गेली. माठातलं पाणी प्याली, आणखी एक फुलपात्र भरून घेतलं. आकडा काय येतो ते ऐकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आता त्या आकड्याशी तिचा काहीही संबंध नव्हता.

"छप्पन्न!" पुढच्या खोलीतून हंबीरराव ओरडले. "ए सुनबाई, छप्पन्न! आनि खोली अडतीस!"

तिनं फुलपात्र तोंडाला लावलं. पण मनानं नको नको म्हणता म्हणता वजाबाकी केलीच.